चाळिशीनंतर चढलेले दहा किलो: पोहे सोडावेत की शेव?

सुदामानगर_४७

नमस्कार मंडळी. आकडे आधी देते, म्हणजे उलटतपासणी वाचेल.

वय ४७, उंची १५८ सेंमी, वजन ७१ किलो. ३८व्या वर्षी ६१ होते. पोटाचा घेर ९४ सेंमी. पाळी गेले दीड वर्ष अनियमित. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ३.१, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.९. औषध कुठलेच चालू नाही. शाकाहारी.

सकाळी बशीभर पोहे, वर शेव. दुपारी तीन पोळ्या, भाजी, वरणभात. चारला चहा आणि मूठभर शेव किंवा फरसाण. रात्री पावणेनऊला दोन पोळ्या, भाजी, थोडा भात. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. संकष्टी आणि दोन्ही एकादश्या. रविवारी आमच्या इंदूरच्या खाऊगल्ल्या, छप्पन दुकान किंवा सराफा. घरात चार माणसे, महिन्याला चार लिटर तेल, अर्धा किलो तूप. संध्याकाळी रीजनल पार्कात ४० मिनिटे चालणे, आठवड्यातून पाच दिवस.

थायरॉइड ठीक आहे, मग वजन का वाढतंय? पोहे बंद करावेत का? आणि चालूनही काटा तसूभर हलत नाही, ते का?

मोजका_चमचा

ताई, तेलाचा आकडा दिलात हे फार चांगले केले. बहुतेक जण पोळ्या मोजतात आणि तेल कधीच मोजत नाहीत.

आधी 'वय झालं, मेटाबॉलिझम मंदावला' या समजुतीचे बघू. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त माणसांच्या मोजमापांवरचा अभ्यास आला होता. शरीरातला चरबी सोडून उरलेला भाग जमेस धरला, तर २० ते ६० या वयात रोजचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात दिसले. उतार लागतो तो साठीनंतर. मग चाळिशीत काय होते? स्नायू हळूहळू कमी होतात, दिवसभराची बारीकसारीक हालचाल घटते, आणि ताट मात्र तिशीतलेच राहते. शेव तर तिशीतल्यापेक्षा थोडी जास्तच.

आता हिशेब. नऊ वर्षांत दहा किलो म्हणजे साधारण ७७ हजार कॅलरी. त्याला दिवसांनी भागून 'रोजच्या फक्त २३ कॅलरी जास्त झाल्या' असे सांगतात. भागाकार बरोबर, निष्कर्ष फसवा. वाढलेले शरीरही स्वतःसाठी जास्त खाते. दहा किलो जादा वजन सांभाळायला रोज दोनशे-सव्वादोनशे कॅलरी लागतात. म्हणजे पुन्हा ६१ वर येऊन तिथेच राहायचे, तर आजच्यापेक्षा तेवढे कमी कायमचे खावे लागेल, आणि उतरताना त्याहून थोडे अधिक कमी. म्हणून 'एक बिस्कीट सोडा' छाप सल्ल्यांनी काही होत नाही.

तुमच्याकडे हे दोनशे-तीनशे कुठे लपले आहेत ते बघा.

चार लिटर तेल म्हणजे सुमारे ३,७०० ग्रॅम. चार माणसे, तीस दिवस: माणशी रोज ३० ग्रॅम. वर तूप ४ ग्रॅम. विकतच्या शेवेतले आणि सराफ्यातले तेल यात धरलेलेच नाही. हे ३० वरून २० वर आणले की ९० कॅलरी कमी होतात, म्हणजे घराला महिन्याला अडीच-पावणेतीन लिटर. त्यासाठी भांड्यातून धार सोडणे बंद करा. महिन्याचे तेल १ तारखेला एका बरणीत वेगळे काढा, ओट्यावर ५ मिलीचा चमचा ठेवा. चौघांच्या भाजीला तीन ते चार चमचे पुरतात. पुरत नाहीत असे वाटते तेव्हा बहुधा कढई पातळ असते किंवा आच मोठी. जाड बुडाची कढई, झाकण, झाकणावर पाणी ही जुनी रीत तेल वाचवण्यासाठीच आहे. तळणीचे उरलेले तेल फोडणीला ढकलायचे हेही थांबवा. 'वाया जाऊ नये' म्हणून ते नेहमीपेक्षा जास्तच पडते.

शेव १०० ग्रॅमला साडेपाचशे कॅलरी. भरलेली मूठ २५ ग्रॅम, म्हणजे १४० च्या आसपास. पोह्यांवर एक, चारला एक: पावणेतीनशे. चहातली साखर चार कपांची ४० ग्रॅम, म्हणजे १६०.

पोह्यांना फाशी देऊ नका. बशीत ५० ग्रॅम कोरडे पोहे असतात, एक चमचा तेल धरून सव्वादोनशे कॅलरी. इंदुरी पोहे तर वाफेवर ठेवलेले असतात, त्यांना फार तेल लागतच नाही. गुन्हा आहे वरच्या शेवेचा आणि शेजारच्या जिलबीचा (एक लहान जिलबी सव्वाशेच्या घरात). आपल्याकडे उसळ-पोहे मिळतात ना, तोच मार्ग धरा. ३० ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आलेली उसळ वर घाला, शेव एक चमचा, जीरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला), लिंबू, कांदा. मटकीतून ७ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि अकरापर्यंत पोट भरलेले राहते.

कारण तुमच्या ताटात कमी पडतात ती प्रथिने. पाच पोळ्यांतून १६ ग्रॅम, दोन वाट्या पातळ वरणातून ७, भात, पोहे, दूध, भाजी मिळून पंधराएक. एकूण चाळिशीच्या आत-बाहेर. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर तुम्हाला ६० ते ७० ग्रॅम हवेत. वरण पळीवाढे करा, माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ. दुपारी २०० ग्रॅम दही. रात्री आलटून पालटून ८० ग्रॅम पनीर, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या (१५ ग्रॅम प्रथिने) किंवा मुगाची उसळ. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हे आधी डॉक्टरांना विचारून.

पोळ्या दुपारी दोन, रात्री दोन. भात एकाच वेळी. उरलेल्या जागेत भाजी दुप्पट.

डबल_जीरावन

भिया, मूळ मुद्दा राहिला. महिन्यात तीन उपास आहेत आणि म्हण आहे 'एकादशी, दुप्पट खाशी'.

६० ग्रॅम साबुदाण्याचे २१०, २५ ग्रॅम दाण्याच्या कुटाचे १४०, दोन चमचे तुपाचे ९०, बटाटा वेगळा. झाली साडेचारशे-पाचशेची बशी, आणि प्रथिने जी काय ती दाण्यांतली. ती दोनदा खाल्ली, मध्ये केळ्याचे वेफर आणि पेढा आला, की उपासाचा दिवस रोजच्यापेक्षा जड. मोरधनाची खिचडी (म्हणजे आपली भगर) ५० ग्रॅमची, सोबत वाटीभर दही, काकडीची कोशिंबीर कूट कमी घालून, एक फळ. दुसऱ्या वेळेला ताक आणि राजगिऱ्याचे एक थालीपीठ.

सराफ्याबद्दल. बंद करा म्हणणारा इंदूरचा नव्हे. पण तिथली दुकाने मांडली जातात सराफांची दुकाने बंद झाल्यावर, आणि लोक घरून जेवून निघतात. खरी गोम तिथे आहे. जायचे त्या रात्री घरचे जेवण नाही, घरून फक्त वाटीभर दही खाऊन निघायचे. पावणेनऊच्या जेवणाला साडेदहाचा सराफा जोडून 'रविवारी फार खाल्ले नाही' म्हणता येत नाही. भुट्ट्याचा कीस एक, दहीवडा एक, बस. वडा तळलेला असला तरी पाण्यात पिळून घेतात, आणि दह्याची सोबत असते. गराडू (तळलेला कंद) मात्र दोन घासांत थांबा, थंडीत तो तेल पिऊनच येतो. मावा-बाटी आणि मालपुवा चौघांत एक.

उठबस

चालण्याबद्दल लिहितो, कारण 'चालते तरी हलत नाही' हे वाक्य फिजिओच्या टेबलावर रोज येते.

७१ किलोचे शरीर ४० मिनिटांत गप्पा मारत तीन किलोमीटर चालते, तेव्हा बसून राहण्यापेक्षा १२० कॅलरीच्या आसपास जास्त खर्च होतात. बाहेर पडताना एक कचोरी, की दोनशेच्या पुढे गेलात. शिवाय संध्याकाळी चालून आलेला माणूस उरलेला वेळ जास्त बसतो, 'आज व्यायाम झाला' म्हणून. चालणे सोडू नका. हृदयाला, साखरेला, झोपेला ते हवेच. फक्त काट्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. वेग असा ठेवा, की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही.

५.९ एचबीए१सी असलेल्याला त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे जेवल्यावर दहा मिनिटे. आपली शतपावली, पण शंभर पावलांनी भागत नाही, हजार करा. दुपारी आणि रात्री, जेवण संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. स्नायू त्याच वेळी साखर ओढून घेतात.

तुमच्या यादीत नसलेली गोष्ट म्हणजे ताकदीचा व्यायाम. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा. घरी करण्यासारखा:

खुर्चीवरून उठबस. हात छातीवर, तीन आकडे मोजत खाली बसायचे, एका झटक्यात उठायचे.

ओट्याला हात टेकून दंड. जमू लागले की पलंगाच्या काठावर, मग जमिनीवर.

पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणे. वर दोन सेकंद थांबा.

पिशवी ओढणे. कापडी पिशवीत ३ किलो तांदूळ, एक हात टेबलावर, दुसऱ्या हाताने पिशवी कंबरेपर्यंत ओढायची. कोपर मागे जायला हवे, बाहेर नाही.

शेवटी दोन्ही हातांत ५-५ किलोच्या पिशव्या घेऊन हॉलमध्ये दोन मिनिटे ताठ चालणे.

प्रत्येकाची ८ ते १२ आवर्तने, दोन फेऱ्या, मध्ये दीड मिनिट विश्रांती. सगळे मिळून अर्धा तास.

इथे लोक चुकतात ते असे. एक किलोचे गुलाबी डंबेल वर्षभर तेच. शेवटची दोन आवर्तने जड वाटली नाहीत तर स्नायूला निरोपच पोचत नाही. १२ सहज झाली की पुढच्या वेळी अर्धा-एक किलो वाढवा किंवा खुर्ची बुटकी करा. दुसरी चूक श्वास रोखून धरण्याची, त्याने रक्तदाब एकदम चढतो. जोर लावताना श्वास सोडा. तिसरी म्हणजे पहिल्या आठवड्यात उत्साहाने चार दिवस करायचे आणि दुसऱ्या आठवड्यात मांड्या धरून बसायचे.

सूर्यनमस्कार चालू असतील तर राहू द्या. लवचिकपणा आणि दमसास चांगला होतो, पण त्यात वजन वाढवत नेता येत नाही आणि ओढण्याचे काम होत नाही, म्हणून हे त्यांच्या जोडीला.

सुदामानगर_४७

सगळ्यांचे आभार. तेलाचा हिशेब वाचून घरात शांतता पसरली आहे. दोन शंका. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, उठबस चालेल? आणि दिवसातून दोनदाच जेवायचे, त्याने खरेच फरक पडतो का? आमच्या भिशीतल्या निम्म्या जणी तेच करतात.

उठबस

खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा, तेवढीच उठबस करा. दुखणे दहापैकी तीनच्या आत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवले, तर चालू ठेवा. त्याहून जास्त झाले तर उंची अजून वाढवा. थांबू नका, कारण मांडीचा पुढचा स्नायू दुबळा राहिला की जिना अजून दुखतो. गुडघा सुजला, अडकला किंवा लचकून सुटत असेल तर मात्र आधी दाखवून घ्या.

गोळी_नको

तपासण्या आणि दोनदा जेवण, या दोन्हींवर.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २८.४ येतो. भिंतीवरच्या जुन्या तक्त्यात २५ पर्यंत ठीक लिहिलेले असते, भारतीयांसाठी ते नाही. आपल्याकडे २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. कारण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिले आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. यडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला होता. बीएमआय दोघांचाही २२.३, चरबी मात्र यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणून काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवा. बायकांसाठी ८० सेंमी, पुरुषांसाठी ९०. टेप बेंबीवरच लावायची असे नाही, आणि नाडीच्या जागी तर मुळीच नाही. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, साधा श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. महिन्यातून एकदा पुरे.

टीएसएच ३.१ ठीक आहे. थायरॉइड खरोखर कमी असतानाही त्यामुळे वाढणारे वजन सहसा दोन ते पाच किलो असते आणि त्यातले बरेचसे पाणी. दहा किलोचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरते तेव्हा मांड्यांवरची चरबी पोटाकडे सरकते. घेर वाढतो तो त्यामुळे, किलो मात्र ताटातून येतात. रात्री घाम येऊन झोप मोडत असेल तर दुसऱ्या दिवशी भूक वाढते, तेव्हा झोपेचाही विचार करा. घोरणे आणि दिवसा पेंग असेल तर झोपेतला श्वास तपासायला हवा.

५.९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४). पण पाळीत रक्तस्राव जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटा वर दिसू शकतो. सोबत लिपिड (रक्तातली चरबी) आणि एएलटी (यकृताची तपासणी). सोनोग्राफी डॉक्टरांनी सांगितली तर. एक दिलासा: २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, तेही वजन फारसे न उतरता. तुमच्यासाठी पहिले ठिकाण ६१ नाही, ६७. साडेतीन-चार किलो, तीन ते चार महिन्यांत.

'औषध नाही' लिहिलेत म्हणून तुमच्यासाठी नाही, पण वाचणाऱ्यांसाठी: ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, इन्शुलिन, स्टेरॉइड, ॲमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट, प्रेगाबालिन, ॲटेनोलॉल यांनी वजन वाढू शकते. स्वतः बंद करू नका, पर्याय आहे का ते विचारा.

दोनदा जेवणे, म्हणजे दीक्षित पद्धत. दोन वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत, सोबत ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. फरक पडतो, कारण चारचे फरसाण आणि साखरेचे चार चहा आपोआप जातात. जादू तेवढीच. फसते ते दोन ठिकाणी. एक, ५५ मिनिटे म्हणजे ५५ मिनिटे अखंड जेवण असा अर्थ घेतला जातो. दोन, ६० ग्रॅम प्रथिने दोनच ताटांत बसवायची म्हणजे प्रत्येक वेळी ३०, आणि वरणभातावर ती बसत नाहीत. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता केले तर साखर धाडकन खाली जाऊ शकते. भिशीत कोणी असेल तर सांगा.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचा विषय निघणारच. मौंजारो मार्च २०२५ पासून आणि वेगोव्ही जून २०२५ पासून भारतात आहे. काम करतात. पण बंद केल्यावर बरेचसे वजन परत येते, आणि प्रथिने व ताकदीचा व्यायाम नसेल तर उतरलेल्यात स्नायूही बरेच असतात. तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांबरोबरच घ्या, दुकानदाराबरोबर नव्हे.

मोजका_चमचा

काट्याबद्दल एक राहिले. सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्याआधी, काटा फरशीवर, गादीवर नाही. रोज लिहा, पण बघा ती सात दिवसांची सरासरी. मीठ, पाळी, आदल्या रात्रीचा सराफा यांनी एका दिवसात एक-दीड किलो वर-खाली होते, ते पाणी असते. सोमवारचा एकच आकडा बघून रविवारवर राग काढू नये. तीन आठवडे सरासरी जागची हलली नाही, तर आणखी काही सोडण्याआधी तेलाची बरणी बघा. बहुधा कोणीतरी पिशवी फोडून मधेच भर घातलेली असते.

आणि साखर एकदम शून्य करू नका. दोन चमच्यांवरून दीड, दहा दिवसांनी एक. चौथा चहा काढून टाका.

डबल_जीरावन

मटकी रोज कोण भिजवणार, हा प्रश्न येईलच. रविवारी २०० ग्रॅम भिजवा, आठ तासांनी उपसून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, डिसेंबरात चोवीस लागतात, तेव्हा पुरचुंडी कणकेच्या डब्याशेजारी नाही, बंद ओव्हनमध्ये किंवा गरम केसरोलमध्ये ठेवा. मोड पाव इंचाचे झाले की डब्यात घालून फ्रीजमध्ये. चार दिवस चांगली राहते. चिकट लागली किंवा वास आला तर फेकून द्या. आणि उसळीला फोडणी द्या, पण चमचा तोच, पाचाचा.